वय झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

माणसाचं वय जन्मदाखल्यावरून ठरतं, असा आपला एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो अधिकार शेजाऱ्यांचा असतो. माझं वय ६१ आहे हे मला ठाऊक होतं. पण माझं 'वय झालं' हे मात्र समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त हेडमास्तरांनी मला गेल्या दिवाळीत सांगितलं. त्या वेळी मी पार्किंगच्या भिंतीला पालीसारखा चिकटून होतो आणि माझ्याखाली एक चाक होतं. एकच.

चाक भाच्याचं. तो शिकायला जर्मनीला गेला आणि आपली एकचाकी सायकल आमच्या माळ्यावर टाकून गेला. दिवाळीची साफसफाई करताना ती माझ्या डोक्यावर पडली. (थोरांच्या डोक्यावर सफरचंदं पडतात, आमच्या नशिबी लोखंड!)

"सर्कशीत जायचा विचार आहे की काय?" हेडमास्तर म्हणाले. आता सर्कशीत जाण्यात कमीपणा तो कसला? विष्णुपंत छत्र्यांनी आपली सर्कस उभी केली, तीही लोकांना हसू येईल या भीतीने घरी बसले असते तर झाली असती का?

या यंत्राला हँडल नाही, ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. पेडल थेट चाकाच्या आसाला. पाय थांबले की चाक थांबतं. तुम्ही मात्र पुढे जात राहता. नवशिका सगळा भार पेडलवर टाकतो, तो सीटवर हवा. तो खाली बघतो, बघायचं असतं समोर. पुढे झुकलात तर चाक पुढे न्यायचं, मागे कललात तर मागे. थोडक्यात, सतत पडत राहायचं, पण पडणं पुरं होऊ द्यायचं नाही. ३५ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे तत्त्व काही नवं नव्हतं.

पण जग तुम्हाला सुखासुखी पडूही देत नाही. पहिला आक्षेप सौभाग्यवतींचा : "हाड मोडलं म्हणजे?" आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. म्हणून तर आधी डॉक्टरांना हाडं दाखवली, हेल्मेट आणलं, मनगटांना पट्टे बांधले. शिवाय या चाकावरून बहुतेक वेळा माणूस पायावर उतरतो. आपटते ती सायकल. पण माझ्या हाडांची काळजी करणारे हेच हेडमास्तर तीन पायांच्या स्टुलावर चढून पंखा पुसतात, त्याला कोणी साहस म्हणत नाही. त्याला घरकाम म्हणतात! म्हणजे तक्रार पडण्याबद्दल नाहीच. मजा करता करता पडण्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप, लोक काय म्हणतील? १८९५ साली टॉल्स्टॉय सायकल शिकला तेव्हा त्याला सदुसष्टावं वर्ष चालू होतं. अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलार्डबाई ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि वर त्यावर पुस्तक लिहिलं. लोक तेव्हाही बोललेच असतील. ते काय बोलले, ते आज कुणाला आठवतंय?

आता हसू बाजूला ठेवून एक सांगतो. माझे वडील ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांना आरामखुर्ची आणली. "दादा, आता तुम्ही उठायचं नाही," असं बजावलं. दादांनी आयुष्यात आमचं एवढंच ऐकलं. आधी मंडई सुटली, मग जिना सुटला, मग कोपऱ्यावरचा वाणी. पाण्याचा तांब्यासुद्धा आम्ही हातात देत होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो. तोल ही वापरात असेतोवर टिकणारी वस्तू आहे, हे तेव्हा आम्हाला कुठलं कळायला? सत्तराव्या वर्षी दादा पडले. चाकावरून नव्हे, त्याच आरामखुर्चीतून उठताना. त्यानंतर ते चालले नाहीत.

म्हणून 'या वयात?' असं कुणी मायेनं विचारलं, की मला ती खुर्ची दिसते. माया खरी असते, पण तीही माणसाला बसवून ठेवते. एका चाकावर चढा असं मी कुणाला सांगत नाही. पेटी शिका, पोहायला जा, पण काहीतरी असं करा, की ज्यात आपण अगदी कच्चे आहोत. म्हातारपण गुडघ्यात येण्याआधी, नवं काही जमत नाही म्हणून लाजण्यात येतं.

काल भिंत सोडून अकरा फूट गेलो. बाराव्या फुटाला हेडमास्तरांची स्कूटर होती. आरसा फुटला.

"बघा, सांगत नव्हतो?" ते म्हणाले.

मी मुकाट्यानं आरशाचे पैसे मोजले आणि म्हटलं, "सर, उद्यापासून स्कूटर जरा लांब लावत चला. आमचा विचार अजून पुढे जायचा आहे."