सगळ्यात भारी अँटासिड कुठलं?

परवा हापिसात जेवताना वाद झाला. तिखटजाळ मिसळ खाऊन चौघांची छाती जळत होती, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एक म्हणे फेसाळणाऱ्या पावडरीला तोड नाही, दुसरा गुलाबी पातळ औषधाचा भक्त, तिसरा चघळायच्या गोळ्यांचा. सॉफ्टवेअरवाल्याला असा वाद दिसला की हात शिवशिवतात. शनिवारी सकाळी एक्सेल उघडलं.

बारावीचं रसायनशास्त्र पुरतं. पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि एक ग्रॅम औषध त्यातलं किती मारेल ते रेणुभारावरून काढता येतं. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये खायचा सोडा साधारण १२, कॅल्शियम कार्बोनेट २०, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३४, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड ३८. म्हणजे सोडा चक्क शेवटचा! फेस बघून वाटतं काहीतरी जबरदस्त चाललंय. पण तो फेस म्हणजे पावडरीतल्या सोड्याची तिच्यातल्याच सायट्रिक आम्लाशी ग्लासात झालेली मारामारी. पोटात किती काम होणार, ते त्यावरून कळत नाही.

अर्थात कागदावरचा पहिला नंबर कामात पहिला येतोच असं नाही, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. अ‍ॅल्युमिनियमवालं औषध सावकाश काम करतं. म्हणूनच अमेरिकेच्या औषधमानकात औषध आम्लात १५ मिनिटं ढवळतात आणि मग किती आम्ल उरलं ते मोजतात. शिवाय पोट म्हणजे काही बीकर नव्हे, ते रिकामं होत असतं. उपाशीपोटी घेतलेलं अँटासिड जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकतं. तेच जेवणानंतर तासाभराने घेतलं तर दोन-तीन तास. म्हणजे ब्रँड बदलण्याआधी वेळ बदलून बघावी.

इथवर सगळी गंमतच होती. मग मी एक कॉलम वाढवला, सोडियमचा.

एक ग्रॅम खायच्या सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असतं. दोन ग्रॅम पोटात गेला तर साडेपाचशे, म्हणजे जवळजवळ दीड ग्रॅम मिठाइतकं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमच्या आत सोडियम घ्यायला सांगते. म्हणजे पाव कोटा एका ग्लासात संपला.

आता आमच्या घरी काय चालतं बघा. बाबांना बीपी आहे. आईने पापड-लोणचं बंद केलंय, वरणात मीठ बेताचंच. आणि रोज रात्री जेवण झालं की "बाबा, घ्या" म्हणत फेसाळणारा ग्लास त्यांच्या हातात कोण देतो? मीच. च्यायला, इंजिनिअर झालो पण पाकिटावरचे घटक कधी वाचले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की अँटासिडची तुलना औषधापासून नाही, घेणाऱ्या माणसापासून सुरू करावी. बीपी असेल तर सोडियम बघा. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं, अ‍ॅल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतं, म्हणून तर बऱ्याच औषधांत दोन्ही एकत्र घालतात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने ही दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आणि रोजच लागत असेल तर "सगळ्यात भारी कुठलं" हा प्रश्नच चुकला. रोज का लागतं, हे विचारायला हवं. छातीतल्या जळजळीबरोबर घाम आला किंवा हात दुखला, तर ग्लास बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं.

आमच्या घरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घड्याळातच होतं. मी हापिसातून यायची वाट बघत बाबा रात्री साडेदहाला जेवतात आणि अकराला आडवे होतात. कालपासून त्यांना आठला जेवायला बसवलंय. "तू येईस्तोवर थांबलो तर काय बिघडतं?" म्हणून थोडे रुसलेत. सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, सोबत पावडरीचं पाकीटही नेणार आहे.

असो. तुमच्या घरातलं पाकीट उलटं करून एकदा वाचाच.