रॅम्प शेवटच्या रात्रीच का उगवतो?

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला मी 'युनिव्हर्सल डिझाइन' हा ऐच्छिक विषय शिकवतो. तो बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐच्छिक म्हणजे तो न शिकताही पदवी मिळते. जे शिकतात त्यांनाही न बोलता एक गोष्ट शिकवली जाते: अपंगांचा विचार डिझाइनपेक्षा वेगळा आणि नंतर करायचा. मग ज्यूरीच्या आदल्या रात्री ड्रॉइंगवर रॅम्प उगवतो. 450 मिलिमीटर उंच जोत्याला 1:12 उतार द्यायचा तर 5.4 मीटर लांबी हवी. उरलेली असते दोन मीटर. त्यात बसतो तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. जोतं किती उंच, प्रवेश कुठून, हे पहिल्याच आठवड्यात ठरतं. प्रश्न तिथेच विचारायला हवा.

बीम हवेत तरंगत असेल तर आम्ही विद्यार्थ्याला नापास करतो. इमारतीत शिरताच येत नसेल तर म्हणतो, "प्लॅन छान आहे, फक्त रॅम्पचं बघ." नियमांनी सर्जनशीलता मरते, हे यावरचं लाडकं उत्तर. गुरुत्वाकर्षणाने ती मेल्याचं मात्र कुणी सांगत नाही. 'युनिव्हर्सल डिझाइन' ही संज्ञा रूढ करणारा रॉन मेस स्वतः आर्किटेक्ट होता, व्हीलचेअर वापरायचा. त्याची व्याख्याच अशी, की वास्तू शक्य तितक्या सगळ्यांना, वेगळी खास सोय न करता वापरता यावी.

आता कायद्याचीही सबब नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 44 सांगतं, की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकामाची परवानगी देऊ नये. 2024मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की हे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. न्यायालयाला जे ऐच्छिक चालत नाही, ते अभ्यासक्रमात कसं चालतं?

डोळ्यांवर पट्टी बांधून विद्यार्थ्यांना आवारात फिरवणंही थांबवा. अर्ध्या तासात अंधत्व कळत नाही, कणव तेवढी येते. त्यापेक्षा पांढरी काठी किंवा व्हीलचेअर वापरणारी माणसं मानधन देऊन ज्यूरीत बसवा, आणि गुण देण्याचा अधिकारही त्यांना द्या.

ती येणार कशी? आमचा स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तर मग लिफ्ट होईपर्यंत ज्यूरी खाली पार्किंगमध्ये घ्या. वाऱ्याने ड्रॉइंगं उडतील. उडू देत.