विश्लेषण : गतविजेते थेट सहाव्या स्थानी… मुंबई सिटीचा हंगाम नेमका कुठे घसरला?

इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०२४-२५ हंगामाची सांगता १२ एप्रिलला कोलकात्यात झाली. मोहन बागानने बंगळूरु एफसीला अतिरिक्त वेळेत २-१ असे नमवून करंडक पटकावला. गतविजेत्या मुंबई सिटी एफसीचा हंगाम मात्र त्याच्या दोन आठवडे आधीच आटोपला होता. २९ मार्चला बाद फेरीच्या लढतीत बंगळूरुने त्यांचा ५-० असा धुव्वा उडवला. अवघ्या ११ महिन्यांपूर्वी करंडक उंचावणाऱ्या संघाची ही अवस्था का झाली, यावर अंधेरीपासून कळंबोली-पनवेलपर्यंतच्या चाहत्यांमध्ये तेव्हा खल सुरू होता. कोणी प्रशिक्षकाकडे बोट दाखवतो, कोणी खेळाडूंकडे. आकडे मात्र काहीसे वेगळे सांगतात.

हंगामात नेमके काय घडले?

मुंबई सिटीने २४ साखळी सामन्यांपैकी ९ जिंकले, ९ बरोबरीत सोडवले आणि ६ गमावले. ३६ गुणांसह संघ सहावा, म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या जागी राहिला. पण चाहत्यांना बुचकळ्यात टाकले ते संघाच्या लहरीपणाने.

१३ सप्टेंबरच्या सलामीच्या लढतीत मोहन बागानविरुद्ध त्यांच्याच मैदानावर ०-२ असे पिछाडीवर असताना मुंबईने २-२ अशी बरोबरी साधली. मार्चमध्ये अंधेरीतही मोहन बागानविरुद्ध हेच झाले. दोन गोलांची पिछाडी आणि अखेर पुन्हा २-२. म्हणजे लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकणाऱ्या संघाला मुंबईला एकदाही हरवता आले नाही.

दुसरीकडे, ३० डिसेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडने मुंबईला तिच्याच मैदानावर ३-० असे हरवले. आठवडाभराने मुंबईने कोलकात्यात ईस्ट बंगालवर ३-२ असा विजय मिळवला आणि त्यानंतर सहाच दिवसांनी जमशेदपूरकडून घरच्या मैदानावर पुन्हा ०-३ अशी हार पत्करली. कळस झाला तो मार्चमध्ये. ११ मार्चला बाद फेरीतील जागा पणाला लागलेली असताना मुंबईने बंगळूरुतील कांतीरवा स्टेडियमवर २-० असा सफाईदार विजय मिळवला. त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १८ दिवसांनी हा संघ पाच गोल खाऊन बाहेर पडला.

आकडे काय सांगतात?

एकेका सामन्याच्या निकालाने दिशाभूल होते. सलग तीन हंगाम शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. २०२२-२३ मध्ये मुंबईने २० साखळी सामन्यांत ५४ गोल केले आणि २१ स्वीकारले. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२ गोल केले आणि १९ स्वीकारले. यंदा २४ सामन्यांत केवळ २९ गोल झाले आणि २८ स्वीकारले गेले.

सरासरी काढली तर प्रति सामना केलेले गोल २.७ वरून १.९ आणि आता १.२ वर आले. स्वीकारलेल्या गोलांची सरासरी याच काळात १.०५, ०.८६ आणि १.१७ अशी राहिली. म्हणजे बचाव थोडा ढिला पडला, पण कोसळला तो हल्ला. गोलफरक ३३ वरून २३ आणि तेथून थेट १ वर आला.

‘कधी छान, कधी सुमार’ या कोड्याचे बरेचसे उत्तर येथे आहे. सामन्याला अडीच-पावणेतीन गोल करणारा संघ बचावातील एखादी चूक पचवू शकतो. जेमतेम एक गोल करणाऱ्या संघाला तीच चूक दोन गुणांना पडते. यंदाच्या नऊ बरोबऱ्यांनी मुंबईचे १८ गुण हिरावले. त्यांपैकी केवळ दोन सामने जिंकले असते तरी मुंबईचे ४० गुण झाले असते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या स्थानांवरील बंगळूरु, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूर या तिन्ही संघांचे प्रत्येकी ३८ गुण होते. त्या हंगामात तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळत होता. म्हणजे तो सामना कांतीरवाऐवजी अंधेरीत झाला असता.

दोष खेळाडूंचा की संघबांधणीचा?

चाहत्यांच्या रागाचा पहिला धनी ठरला तो कर्णधार लालियानझुआला छांगटे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार सलग दोनदा मिळवणाऱ्या खेळाडूकडून अपेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे. बिपिन सिंग आणि विक्रम प्रताप सिंग या अन्य विंगर्सबाबतही हीच तक्रार ऐकू येते.

पण विंगर एकटा खेळत नाही. त्याच्या धावेला अर्थ येतो तो मधल्या फळीतून योग्य क्षणी आलेल्या पासमुळे आणि बचावपटूंना गुंतवून ठेवणाऱ्या आघाडीपटूमुळे. मुंबईने नेमके हेच दोन दुवे गमावले. ग्रेग स्टुअर्ट जानेवारी २०२४ मध्ये हंगामाच्या मध्यावर स्कॉटलंडला परतला आणि पुढच्या हंगामात मोहन बागानकडे आला. मधल्या फळीचा कणा असलेल्या अपुइयालाही मोहन बागाननेच घेतले. अल्बर्टो नोगुएरा, आघाडीपटू होर्हे पेरेयरा डियाझ आणि करंडक उंचावणारा कर्णधार राहुल भेके हे तिघेही बंगळूरुकडे गेले.

त्यांच्या जागी निकोस कारेलिस, जॉन टोराल, योएल व्हॅन निफ, थाएर क्रौमा, ब्रँडन फर्नांडेस आदींना घेण्यात आले. कारेलिसने मुंबईसाठी यंदा सर्वाधिक गोल केले, त्यामुळे ही निवड चुकली असे म्हणता येणार नाही. मात्र एकाच उन्हाळ्यात संघाचा मधला उभा कणा बदलला की खेळाडूंना परस्परांच्या सवयी कळायलाच निम्मा हंगाम जातो. मुंबईच्या निकालांतील चढउतार हे त्याचेच लक्षण आहे.

यंदाच्या अंतिम लढतीतील दोन्ही संघांकडे पाहिले तर मुंबईच्या चाहत्याची खंत समजते. एका बाजूला अपुइया आणि स्टुअर्ट, दुसऱ्या बाजूला भेके, नोगुएरा आणि पेरेयरा डियाझ. उपांत्य फेरीत मोहन बागानला भरपाई वेळेत अंतिम फेरीत नेणारा गोल अपुइयाचा होता. आणि मुंबईच्या जिव्हारी लागलेल्या ०-५ पराभवातील पाचवा गोल पेरेयरा डियाझने केला होता.

हे पहिल्यांदाच घडते आहे का?

नाही. हीच खरी चिंतेची बाब आहे. २०२०-२१ मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने लीग शिल्ड आणि करंडक असा दुहेरी मुकुट मिळवला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यातील अंतिम सामन्यात बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला केलेला गोल चाहत्यांच्या आजही स्मरणात आहे. त्यानंतरच्या काही महिन्यांत लोबेरा गेले. ह्युगो बुमूस आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग हे अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी असलेल्या एटीके मोहन बागानकडे, तर बार्थोलोम्यू ओग्बेचे हैदराबादकडे गेला. ओग्बेचेने तेथे १८ गोल करून ‘गोल्डन बूट’ पटकावला आणि हैदराबादने करंडक जिंकला. गतविजेती मुंबई पाचव्या स्थानी राहून बाद फेरीबाहेर फेकली गेली.

२०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅम यांनी बांधलेल्या संघाने ४६ गुणांसह पुन्हा लीग शिल्ड जिंकली. त्यानंतर अहमद जाहू आणि मुर्तदा फॉल हे ओडिशाकडे गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम यांनी इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडची वाट धरली. तरीही त्या हंगामात मुंबईने ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ असे हरवून करंडक जिंकला, कारण अपुइया, भेके, नोगुएरा आणि पेरेयरा डियाझ संघात शिल्लक होते. यंदा तेही नव्हते. थोडक्यात, मुंबईचे सातत्य बिघडते ते मैदानावरील ९० मिनिटांत कमी आणि दोन हंगामांमधील उन्हाळ्यात जास्त.

यामागे व्यावहारिक कारणेही आहेत. अजिंक्यपदानंतर खेळाडूंचा भाव वधारतो. लीगमध्ये वेतनमर्यादा असल्याने सर्वांना हवे तसे मानधन देता येत नाही. परदेशी खेळाडूंचे करार तर बहुधा एक-दोन वर्षांचेच असतात. मात्र या अडचणी सर्वच क्लबांना आहेत. तरीही मोहन बागानने आपला गाभा टिकवून त्यावर भर घातली, हा चाहत्यांचा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे.

प्रशिक्षक क्रात्की किती जबाबदार?

चेक प्रजासत्ताकाचे पीटर क्रात्की हे डिसेंबर २०२३ मध्ये मेलबर्न सिटीतून मुंबईत आले. मुंबई सिटीचे ६५ टक्के भागभांडवल २०१९ मध्ये घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपचाच तोही क्लब होता. पाच महिन्यांत त्यांनी करंडक जिंकून दिला, पण तो संघ प्रामुख्याने बकिंगहॅम यांचा होता. पूर्ण हंगाम त्यांच्या हाती मिळाला तो यंदा.

गोलसंख्या इतकी घटत असताना पर्यायी डावपेच दिसले नाहीत, पिछाडीवर पडल्याशिवाय संघ जागा होत नाही, ही टीका क्रात्की यांना टाळता येणार नाही. एका लढतीत पाच गोल स्वीकारण्याची जबाबदारीही प्रशिक्षकाचीच. पण मोहन बागानविरुद्ध दोनदा केलेले पुनरागमन पाहता ड्रेसिंग रूममधील विश्वास उडाला होता असेही म्हणता येत नाही. केवळ प्रशिक्षक बदलून प्रश्न सुटेल, असे मागील पाच वर्षांचा अनुभव सांगत नाही.

कळंबोलीच्या चाहत्याला याचे इतके का वाटते?

कारण हा क्लब एकेकाळी त्याच्या दारात होता. २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटीचे घरचे मैदान नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम होते. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी तेथे मुंबईने पुणे सिटीला ५-० असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने आयएसएलमधील पहिली हॅट्ट्रिक नोंदवली. सायन-पनवेल महामार्ग मोकळा असेल तर कळंबोलीहून हे स्टेडियम अर्ध्या तासावर. कळंबोली, कामोठे, खारघर, पनवेलमधील अनेकांना या क्लबचा लळा लागला तो तेव्हा.

२०१६ पासून क्लबने अंधेरी क्रीडा संकुलात बस्तान हलवले. जेमतेम साडेसहा हजार आसनांच्या या मैदानात प्रेक्षक खेळाच्या जवळ असतात आणि ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या चाहत्यांच्या गटाचा आवाज घुमतो, हे खरे. पण कळंबोलीकराला त्यासाठी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानक गाठावे लागते, हार्बरने जाऊन बहुधा वडाळ्याला गाडी बदलावी लागते. नाहीतर कुर्ला-घाटकोपर करत मेट्रोने आझाद नगर. सामना साडेसातला सुरू होत असेल तर परतीला मध्यरात्र ठरलेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमधील अल हिलालविरुद्धची लढत नेरुळला झाली, तो अपवाद. एवढी यातायात करून डिसेंबर-जानेवारीत एका आड एक ०-३ पाहणाऱ्या चाहत्याचा राग गुणतालिकेपुरता नसतो.

त्याला दुसरी धास्तीही आहे. महाराष्ट्रात फुटबॉल क्लब टिकत नाहीत. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये, तर पुणे सिटी २०१९ मध्ये इतिहासजमा झाला. आता आयएसएलमध्ये राज्याचा मुंबई सिटी हा एकमेव क्लब उरला आहे. येथील चाहत्याला संघ आवडेनासा झाला तर शेजारच्या दुसऱ्या संघाकडे वळण्याचीही सोय नाही.

पुढे काय?

भुवनेश्वरमध्ये २० एप्रिल २०२५ पासून सुपर चषक स्पर्धा झाली. विजेत्याला आशियाई स्तरावर खेळण्याची संधी असल्याने मुंबईला हंगामाची लाज राखण्याची ती संधी होती. मात्र बाद पद्धतीच्या स्पर्धेतील तीन-चार विजयांनी मूळ प्रश्न झाकला जाऊ नये.

खरी परीक्षा त्यानंतरच्या उन्हाळ्यात होती. कारेलिस, छांगटे, २०२३-२४ मध्ये ‘गोल्डन ग्लव्ह’ जिंकणारा गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा आणि मार्चमध्ये मोहन बागानविरुद्ध बरोबरीचा गोल करणारा तरुण नेथन रॉड्रिग्स अशांभोवती संघ किमान दोन हंगाम टिकतो का, हा प्रश्न होता. शिवाय लीग चालवणाऱ्या कंपनीचा महासंघाशी असलेला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. त्यामुळे सगळेच क्लब खर्चाबाबत हात आखडता घेण्याची शक्यता होती. अशा वेळी नवे नामांकित परदेशी खेळाडू आणण्यापेक्षा आहेत त्यांना थांबवणे स्वस्तही होते आणि शहाणपणाचेही. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच हंगामांत मुंबई सिटीने चार मोठी विजेतेपदे मिळवली. संघ कसा उभारायचा हे या क्लबला कळते. उभारलेला संघ सांभाळायचा कसा, हे त्याला अजून शिकायचे आहे.