झटकन उघडणारा चाकू

नांदगावसारख्या गावात खिशात छोटा चाकू लागतोच. सुंभ तोडायचा, आंबा चिरायचा, सिमेंटची गोणी उघडायची. म्हणून मुंबईहून येताना साडेचारशे रुपयांचा स्प्रिंगचा चाकू आणला. अंगठ्याने पाते जरा ढकलले की पुढचे काम आतली स्प्रिंग करते. आठ दिवस कौतुक झाले. पावसाळ्यात सांध्यात ओल, धूळ आणि फणसाचा चीक बसला. पाते अर्ध्यावर अडू लागले. स्टेनलेसलाही डाग पडले. ती बारीक स्प्रिंग गावचा लोहार कशी बसवणार?

विचार करा, सुंभ तोडायला घाई कसली? झटकन उघडणे हा हत्याराचा गुण, अवजाराचा नव्हे. अवजाराला धार हवी, मूठ घट्ट हवी, पाते हलता कामा नये.

दुसरी गोष्ट पोरांसाठी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना सुरा-चाकू बाळगायलाही बंदी घालता येते. अशा वेळी झडतीत स्प्रिंगचा चाकू सापडला, तर 'आंबा चिरायला आणलाय' हे कोण ऐकणार? कोर्टाच्या तारखांत बापाची मजुरी बुडेल.

साधा घडीचा चाकू घ्या, धारेचा दगड घ्या. काम झाले की पुसून, तेलाचे बोट लावून ठेवा. कष्टाचा पैसा दिखाव्यावर घालवू नका.