पोचे आहेत, तसेच असू द्या!

जुनी बाइक विकायची ठरली की आपण आधी काय करतो? धुऊनपुसून पॉलिश, ओरखड्यावर टचअप, सीटला नवं कव्हर. अमेरिकेतल्या क्लासिक गाड्यांच्या बाजारात मात्र हाच शहाणपणा अंगाशी येऊ शकतो. कारखान्यातला रंग, मूळ सीट, मूळ इंजिन टिकून असलेल्या गाडीला तिथे ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. कारण सरळ आहे. गाडी पुन्हा नवी करता येते, पुन्हा ओरिजिनल नाही करता येत.

१९६८च्या ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँगच बघा ना. १९७४पासून ती एकाच कुटुंबाकडे होती. घरची शिक्षिका तिच्यातूनच शाळेत जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती मागितली, तरी त्यांनी दिली नाही. पुढे क्लच गेला आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली. नंतर ती चालू केली, पण रंग, गंज, पोचे, शूटिंगसाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा तशाच ठेवल्या. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात बोली थांबली थेट ३४ लाख डॉलरवर!

आता कुणी म्हणेल, ही तर सिनेमाची पुण्याई. खरंय, प्रत्येक जुन्या गाडीला असा भाव येत नाही. पण हीच ती गाडी, हे पटणार कशावरून? त्या खुणांवरून आणि जपलेल्या कागदांवरून. त्या पुसल्या असत्या तर पुरावाच गेला असता.

साध्या विक्रेत्यालाही हाच नियम लागू आहे. ‘सगळं ओरिजिनल’ असं लिहायचं आणि गिऱ्हाइकाने इंजिनावरचा नंबर तपासल्यावर तो जुळायचाच नाही, मग उरलेल्या गाडीवरही विश्वास कोण ठेवणार? त्यापेक्षा काय बदललं, कधी बदललं, याची यादी आपणच आधी हातात द्यावी.

आपल्याकडे मस्टँग नाही, पण जुना फोन, लॅपटॉप, बाइक तर आपण विकतोच. डिस्प्ले बदललाय? सांगून टाका. बाइक एकदा पडलीय? तेही सांगा. हजार-दोन हजार कमी येतील, कदाचित एखादं गिऱ्हाईक परतही जाईल. पण घेणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच, पै पै साठवून आलेला विद्यार्थी असतो. त्याला फसवून मिळालेले ते हजार रुपये कमाई नव्हे.