समुद्राकडे पाठ करून

माझ्या भाचीच्या मोबाइलमध्ये अकरा हजारांहून जास्त फोटो आहेत. हा आकडा तिनंच मला सांगितला, आणि तोही थोड्याशा अभिमानानं. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला महाडला बहिणीकडे गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता मी सहज म्हटलं, ‘अगं, मागच्या वर्षी बागमांडल्याच्या फेरीबोटीत आपण सगळ्यांचा एक फोटो काढला होता, तो दाखव बघू.’ तिनं बोटानं फोटो सरकवायला सुरुवात केली. मागची आवराआवर झाली, धाकट्या भाच्याचे फटाके संपले, तरी तिचं बोट चालूच. शेवटी ‘मामा, नंतर शोधून पाठवते’ म्हणाली. तो फोटो अजून यायचा आहे.

हे वाचून तुम्हाला वाटेल, आता हा गृहस्थ मोबाइलच्या नावानं बोटं मोडणार. तसं काही नाही. माझ्याही खिशात तो आहे आणि मीही हौसेनं फोटो काढतो. आमच्या वडिलांना, अण्णांना, फोटो काढायचा तर दुसऱ्याचा कॅमेरा मागून आणावा लागे. ‘आग्फा क्लिक थ्री’ नावाचा तो काळा डबा, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि रोल धुवून यायला पंधरा दिवस. बारांपैकी दोन-तीन फोटोंत कुणाचं तरी डोकं कापलेलं असायचंच. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती नीट सांगायची तर तुम्हाला माझ्याबरोबर शिवथरपासून समुद्रापर्यंत यावं लागेल.

अण्णा शिवथरच्या खोऱ्यात प्राथमिक शिक्षक होते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं डोंगरांच्या कुशीत बसलेली. वर वरंधा घाट, खाली भाताची खाचरं. इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. पण अण्णांचं म्हणणं असं, की घळीवरून पडणारं पाणी पुढं कुठं जातं हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं घळ अर्धीच पाहिली. म्हणून वर्षातून एकदा ते आम्हाला पाण्याबरोबर खाली न्यायचे. काळ नदीच्या बाजूनं बिरवाडी, मग महाड, महाडला सावित्री, पुढे दासगाव, आंबेत, आणि सावित्री बाणकोटच्या खाडीनं जिथं समुद्राला मिळते तिथं हरिहरेश्वर. एस्टी बदलत, होडीची वाट बघत त्याला दीड-दोन दिवस लागत. आता मोटारीनं सकाळी निघालं की जेवायला समुद्रावर. पण घरात ती पद्धत राहिली आहे, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाचरांना घेऊन मी त्याच वाटेनं निघालो. पहाटे उठून आधी वर शिवथरला.

शिवथरघळीची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. समर्थांनी इथं दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला अशी परंपरा आहे. विस्मरणात गेलेली ही जागा धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली शोधून काढली. भर पावसाळ्यात इथला धबधबा असा कोसळतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थांनी या धबधब्याचं वर्णन केलं आहे आणि त्यात पाण्याच्या दिसण्याइतकाच त्याचा आवाज भरलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा दिवाळी, धार बारीक झालेली, पण घळीच्या तोंडाशी तिचा नाद घुमत होता. भाच्यानं त्याचा व्हिडिओ घेतला, आणि गाडीत बसायच्या आत त्यातला पाण्याचा आवाज काढून टाकून त्यावर सिनेमातलं गाणं बसवलं. ‘असाच टाकतात, मामा,’ तो म्हणाला. मी गप्प बसलो. सगळ्याच गोष्टींवर बोलायला लागलं तर मामाला पुढच्या खेपेला कोणी बरोबर नेणार नाही.

खाली उतरताना सावित्रीचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या वेळचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस्टी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. पुढचे कित्येक दिवस माणसं शोधायला खाडीच्या मुखापर्यंत आणि त्याही पलीकडच्या किनाऱ्यांवर जावं लागलं. पाणी कुठं जातं, हे त्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

आणि महाडचं घर. २०२१ च्या जुलैमध्ये, २२ तारखेच्या त्या पावसात, महाड बुडालं. त्याच दिवशी याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यामुळे आमच्या घरच्या नुकसानीबद्दल बोलायला आजही संकोच वाटतो. बहिणीकडची माणसं वरच्या मजल्यावर होती, ती वाचली. खालच्या खोलीतल्या कपाटात अण्णांचे तीन अल्बम होते. चिखल उपसताना त्यांचा लगदा हाती आला. वाचला तो एकच फोटो, कारण भाचीनं पुराच्या वर्षभर आधी तो मोबाइलनं टिपून ठेवला होता. मोबाइलचे हे उपकार मी विसरणार नाही.

तो फोटो १९७४ सालचा आहे. बाणकोटच्या खाडीतली होडी. आई, आत्या, आईच्या मांडीवर माझी धाकटी बहीण, मी सात वर्षांचा. मागे सुकाणूवर तांडेल, आणि पुढच्या टोकाला टोपली घेऊन बसलेली एक परकरी मुलगी. फोटो काढायच्या थोडं आधी मी पाण्यात हात घालायला वाकलो होतो, होडी कलली, आणि त्या तांडेलानं मला सदऱ्याच्या मानेला धरून मागे ओढलं. फोटोत माझं तोंड रडवेलं आहे ते त्यामुळेच. पलीकडे उतरल्यावर अण्णांनी त्याचं नाव विचारलं, त्या मुलीचंही विचारलं, आणि फोटो धुवून आला तेव्हा मागच्या बाजूला निळ्या शाईनं लिहून ठेवलं: तारीख, तिथी, ठिकाण, डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं नाव. हा त्यांचा नेम होता. बिननावाचा फोटो म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट, असं ते म्हणायचे.

भाचीनं फोटोची पुढची बाजू टिपली. मागची टिपायचं तिला सुचलं नाही. मी समोरच बसलो होतो, मलाही सुचलं नाही. आता अण्णा नाहीत, आई-आत्या नाहीत, आणि ज्यानं मला पाण्यातून मागे ओढलं त्या माणसाचं नाव मला माहीत नाही.

हे सगळं मनात घोळवत आम्ही साडेबाराला हरिहरेश्वरला पोचलो. काळभैरवाचं दर्शन घेतलं, हरिहरेश्वराचं घेतलं, आणि मुलं प्रदक्षिणेच्या वाटेला लागली. ही वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या थेट समुद्रातल्या खडकांवर उतरतात. लाटांनी त्या खडकांवर शेकडो वर्षं नक्षी कोरली आहे. फोटोला याहून देखणी जागा कोकणपट्टीत क्वचितच सापडेल. पण ही वाट ओहोटीची आहे. भरतीला ती समुद्राची असते.

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आमच्या पिढीनं पाऊणकी पाठ केली ती काही उगीच नाही! त्या दिवशी तृतीया होती. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे आम्ही उतरलो तेव्हा उधाणाची भरती चांगली चढलेली होती. मला हिशेब येत होता आणि मी तो केला नाही. पुढचं जे झालं त्यात भाच्याइतकाच माझाही दोष आहे.

भाचा खडकाच्या कडेला जाऊन समुद्राकडे पाठ करून उभा राहिला, हात लांब केला आणि स्वतःचा फोटो घेऊ लागला. इथं यंत्राची एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. स्वतःचा फोटो काढायची पुढची काच रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून चेहरा आणि भोवतालचं सगळं मावावं म्हणून ती तशी केलेली असते. अशा काचेतून जवळचा चेहरा मोठा दिसतो आणि मागची वस्तू लहान आणि लांब. पुरुषभर लाट पडद्यावर पांढऱ्या झालरीसारखी दिसते. ज्याचे डोळे पडद्यावर आहेत, त्याला ती छान वाटते.

थोड्या अंतरावर खडकावर एक माणूस गळ टाकून बसला होता. तो ओरडला. मग उठून दोन ढांगांत आला आणि भाच्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून त्यानं त्याला पायऱ्यांकडे खेचलं. लाट त्याच जागेवरून गेली. भाच्याची एक चप्पल गेली, कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. मोबाइल हातातच होता आणि त्या झटापटीतही त्यानं फोटो घेतलेच. शेवटच्या फोटोत तिरकं आभाळ आहे, फेस आहे, आणि एका काळ्यासावळ्या हाताचं कोपर.

माझ्या लहानपणी आत्या पावसाळ्यात आम्हाला समुद्रावर जाऊच देत नसे. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तिच्या पिढीच्या मनातून ते कधी पुसलं गेलं नाही. आज कोळी आपली होडी वर ओढून शाकारून ठेवतो त्या महिन्यांत शहरातली माणसं खडकांवर उतरतात. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर फोटो घेताना पाण्यात पडलेल्या मुलींपैकी एक गेली, आणि त्यांना वाचवायला उडी टाकणारा तरुणही गेला. त्यानंतर महिनाभरातच मुरूडला सहलीसाठी आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. तिथं फोटोचा संबंध नव्हता, समुद्र अनोळखी होता एवढंच. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी (हे कुंभे आमच्या शिवथरातलं नव्हे) मुंबईची एक तरुणी व्हिडिओ घेताना दरीत कोसळली.

अशी घटना झाली की ‘सेल्फी काढू नये’ असा बोर्ड लागतो. २०१६ नंतर मुंबईत पोलिसांनी तशा जागाच ठरवून दिल्या. बोर्डाला माझा विरोध नाही, पण त्याच्यावर माझा विश्वासही नाही. ‘धोका आहे’ हे वाक्य वर्षभर एकच असतं, आणि समुद्र तर दिवसातून चार वेळा बदलतो. त्यापेक्षा पायऱ्यांच्या तोंडाशी साधा फळा टांगावा आणि रोज सकाळी खडूनं लिहावं: आज भरती अमुक वाजता, अमुक वाजल्यानंतर खाली उतरू नये. एस्टी स्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहितात तसं. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी छापतो. खर्च म्हणाल तर खडूचा. ग्रामपंचायतीनं लिहावं, देवस्थानानं लिहावं, नाहीतर शाळेतल्या मुलांना ते काम द्यावं. वेळ लिहिलेली असली की माणूस घड्याळ बघतो. मी तरी बघितलं असतं.

आणि फोटो काढावेतच. पण कसले? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं आणि पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. माझ्या ओळखीचा एक वाडीवाला पंचनाम्याच्या वेळी उभ्या वाडीचा एखादा जुना फोटो शोधत होता. घरात चार मोबाइल, त्यांत समुद्रावरचे, हॉटेलातले, वाढदिवसाचे ढीगभर फोटो. वाडीचा एक नाही, कारण वाडी रोजचीच. महाडला बहिणीच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. रंग काढण्याआधी तिचाही फोटो कुणी घेतला नाही.

तारीख मोबाइल आपोआप लिहितो, परवानगी दिली तर ठिकाणही लिहितो. मात्र तोच फोटो नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सॲपवरून पाठवला की ही नोंद गळून पडते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि माणसांची नावं? डावीकडून तिसरा कोण होता हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. मी भाचीला एवढंच सुचवलं, की दर सहलीतले बारा फोटो निवड, एक रोल भर, ते कागदावर छापून घे आणि मागे लिही. बाराच का, असं तिनं विचारलं. मी आग्फाच्या डब्याची गोष्ट सांगितली. तिला ती फारशी पटली नाही, पण बारा निवडताना तिला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत घरातली सगळी माणसं तिच्याभोवती जमली होती.

त्या बारांत तो तिरक्या आभाळाचा आणि कोपराचा फोटो मी आग्रहानं घालायला लावला. छापून आल्यावर ती पेन घेऊन बसली. तारीख, तृतीया, हरिहरेश्वर. मग वर बघून म्हणाली, ‘मामा, त्या काकांचं नाव काय होतं?’

मी भाच्याकडे बघितलं, भाच्यानं माझ्याकडे. त्या माणसाला आम्ही चहा विचारला होता, तो नको म्हणाला आणि परत गळाशी जाऊन बसला. नाव विचारायचं अण्णांच्या मुलालाही सुचलं नव्हतं.

तेवढी जागा तिनं मोकळी सोडली आहे. होळीला पुन्हा जायचं ठरलं आहे, ओहोटीची वेळ बघून. बाकीच्या अकरांवर लिहायचं काम मात्र अडलं आहे, कारण या नव्या गुळगुळीत कागदावर बॉलपेन उमटतच नाही. सीडीवर लिहायचं पेन चालतं म्हणतात. ते आणायला भाच्याला बाजारात पाठवलं आहे.