आज घरात पारायण आहे

माझ्या सासूबाई वर्षातून एकदा ‘गजानन विजय’ एका दिवसात वाचून संपवतात. दासगणू महाराजांनी रचलेला हा ग्रंथ २१ अध्यायांचा. सकाळी आंघोळ करून आसनावर बसल्या की दुपार कलेपर्यंत त्या उठत नाहीत. विदर्भात याचं कोणाला नवल नाही. शेगावच्या महाराजांचं एकदिवसीय पारायण आमच्या लेआउटमधल्या निम्म्या घरांत होतं, आणि प्रगटदिनाच्या सुमारास तर मंगल कार्यालयं भरून सामूहिक पारायणं बसतात. मला नवल वाटतं ते घराचं. त्या दिवशी टीव्ही आपोआप बंद राहतो. एरवी दारावरची बेल ऐकूच येत नसल्यासारखे पेपरात डोकं घालून बसणारे माझे यजमान अनवाणी धावत जातात आणि कुरिअरवाल्याशी खालच्या आवाजात बोलतात. नणंदेचा पुण्याहून फोन आला, तर ‘आई पारायणाला बसली आहे’ एवढ्या चार शब्दांत तो आटोपतो. स्वयंपाक ठरलेला: पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा, हिरवी मिरची. दुसरी भाजी का नाही, असं त्या दिवशी कोणीही विचारत नाही.

आता त्याच घरात मी कादंबरी घेऊन बसते तेव्हा काय होतं ते सांगते. ‘वाचतच बसली आहेस ना, मग जरा दुधाकडे बघ.’ दूध होतं न होतं तोच सिलिंडरवाला. मग ‘तू मोकळीच आहेस तर तेवढा विम्याचा कागद शोधून दे’. वाचत बसलेली बाई मोकळी असते, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर मुरलेली आहे. ‘तू झोपलीच आहेस तर’ असं मात्र मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. म्हणजे झोपेला जो मान आहे तो वाचनाला नाही. आणि पोथीलाही तो सगळ्यांच्या हातात सारखा मिळतो असं नाही. ‘गुरुचरित्र’ बायकांनी वाचू नये असा दंडक पाळणारी घरं आजही आहेत. माझ्या माहेरी तो होता. सप्ताहाला काका बसायचे, सोवळ्यातला स्वयंपाक आई-काकू करायच्या, आणि आम्ही मुली दारापलीकडून ऐकायचो.

हे सगळं डोक्यात होतंच, त्यात बंगळुरूच्या लेकीने वाचन-मॅरेथॉनचं खूळ घातलं. अमेरिकेत २००७ साली ड्यूई या नावाने लिहिणाऱ्या एका बाईने ती प्रथा पाडली. सलग चोवीस तास, आपापल्या घरी बसून, जमेल तेवढं वाचायचं. पुढच्याच वर्षी ती वारली, पण वाचणाऱ्यांनी तिच्या नावाने एप्रिल-ऑक्टोबरातला तो शिरस्ता चालू ठेवला. सगळ्या जगाने एकाच क्षणी पुस्तक उघडायचं, त्यामुळे न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. एप्रिलमध्ये नागपुरात साडेपाच ही वाचायला बसायची वेळ नव्हे. ती चहाची आणि गच्चीवरून कुरड्या-सरगुंडे खाली आणायची वेळ. लेकीला म्हटलं, तुमचं अमेरिकन घड्याळ तुमच्याकडे ठेवा, मी सासूबाईंचं लावते. चोवीस तासही नकोत. काठमांडूत २००८ साली दीपक शर्मा बजगाईं या गृहस्थांनी ११३ तास १५ मिनिटं मोठ्याने वाचून विक्रम केला होता. त्यांना नमस्कार. शंभराव्या तासाला वाचलेलं त्यांचं त्यांना तरी समजत होतं का, हे विचारायला मला आवडेल.

शिवाय दिवसभर सलग वाचण्यासाठी नागपूरकराने अमेरिकेकडे पाहायचं कारणच काय? १४ एप्रिलच्या आगेमागे आपल्याकडे महाविद्यालयांत, विद्यापीठांत, वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत ‘सलग १८ तास अभ्यास’ हा उपक्रम कैक वर्षं चालू आहे. बाबासाहेब दिवसाला अठरा-अठरा तास अभ्यास करत, म्हणून त्यांच्या जयंतीला पोरं-पोरी सकाळी सहाला पुस्तक उघडून बसतात ते रात्री बाराला मिटतात. फटाके, डीजे, संविधान चौकातली गर्दी हे सगळं वर्तमानपत्रात छापून येतं. या अठरा तासांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते, कारण खाली मान घालून बसलेल्या दीडशे डोक्यांचा फोटो काही बरा निघत नाही. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला पुस्तकांच्या स्टॉलपाशी एकदा उभं राहून बघावं. लांबलांबून आलेली माणसं पिशवीत भाकरी आणि पुस्तकं एकत्र भरून परत जातात. त्या पुस्तकांचं पुढे घरी काय होतं, त्याचं एक उत्तर मला या अठरा तासांत दिसतं.

बाबासाहेबांच्या लंडनमधल्या दिवसांचं वर्णन धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. ग्रंथालय उघडताना आत शिरायचं, बंद होताना बाहेर पडायचं, दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत आणि वेळही नाही. रात्री खोलीवर परतल्यावर कोणी ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. हे वाचताना मला दर वेळी त्या पापडांचं वाटतं. कोणाच्या तरी गच्चीवर वाळलेले, बोटीने लंडनला पोचलेले.

तर रविवारचा मुहूर्त धरला आणि आदल्या रात्री जेवताना जाहीर केलं, ‘उद्या माझं पारायण आहे.’

‘कोणत्या ग्रंथाचं?’ सासूबाईंनी विचारलं.

‘एलकुंचवारांच्या.’

त्यांनी घास संपवला. ‘बरं,’ म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये नेमकं काय होतं ते मला रात्रभर कळलं नाही.

पुस्तक मुद्दाम तेच निवडलं होतं. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. पहिलं नाटक १९८५मध्ये रंगभूमीवर आलं. १९९४ साली आविष्कारने चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात तिन्ही एकामागोमाग एक, एकाच दिवशी केली. लोक आठ-नऊ तास नाट्यगृहात बसले. मला तो प्रयोग बघता आला नव्हता. आपल्याच गावात राहणाऱ्या, आपल्याच गावात इंग्रजी शिकवलेल्या नाटककाराच्या धरणगावच्या देशपांड्यांसाठी एक रविवार द्यायला काय हरकत होती?

नियम पोथीचेच ठेवले. जागा एक, मध्ये उठायचं नाही, फोन कपाटात, स्वयंपाकाची तयारी रात्रीच. फक्त पाटाऐवजी खुर्ची घेतली, कारण गुडघे. खुर्ची कूलरच्या वाऱ्यात ठेवावी की वाऱ्याबाहेर, हा खरा पेच होता. ज्यांनी एप्रिलमध्ये नागपुरात वाचलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. कूलरसमोर बसलं की नव्या वाळ्याचा वास छान येतो, पण दोन तासांत पानं दमट होऊन लोळागोळा होतात, मुखपृष्ठ वर वळतं आणि वाचायच्या आधीच पान उलटतं. कूलरपासून लांब बसलं की पुस्तक शाबूत राहतं आणि माणूस भिजतो. शेवटी वाऱ्यातच बसले आणि उजव्या पानावर खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला. दर पानाला तो उचलायचा, ठेवायचा. एका अंकानंतर हाताला सवय झाली.

नऊच्या सुमाराला बेल वाजली. यजमान पेपरात. दुसऱ्यांदा वाजली. मी वाक्याच्या मध्यावर थांबून, उठायचं नाही, उठायचं नाही, असं स्वतःला बजावत होते, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘अरे, ती बसली आहे ना? ऊठ की!’

आदल्या रात्रीच्या ‘बरं’चा अर्थ मला तेव्हा लागला. त्यानंतर दिवसभर घर माझ्याशी वेगळं वागलं. खिडकीतून शेजारणीने ‘काय वाचून राहिल्या काकू?’ म्हणून विचारलं, तर तिलाही परस्पर उत्तर मिळालं. बाराला पिठलं-भाकरी समोर आली. मी केलेली नव्हती. यजमानांनी केलं असावं असं पिठल्याच्या गुठळ्यांवरून वाटलं.

जेवणानंतर डोळे मिटायला लागले. एप्रिलची दुपार, कूलरची घरघर, पोटात भाकरी. इथे भल्याभल्यांचं पारायण थांबतं. म्हणून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मोठ्याने वाचलं की डोळा लागत नाही, हे सासूबाईंच्या ओव्यांवरून माहीत होतं. नाटकातल्या दादीला सतत वेळ विचारायची सवय आहे. मी तिच्या आवाजात वाचलं, वहिनीचं वाचलं, अंजलीचं कोकणस्थी बोलणं जरा नाकात वाचलं. काही वेळाने सासूबाई लसणाची परडी घेऊन येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर अमरावतीकडचं. ती वऱ्हाडी वळणाची भाषा कानावर पडल्यावर लसूण सोलायचा वेग कमी झालेला मला दिसत होता. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आमच्या मामांकडे होता असाच. कोंबड्या बसायच्या त्याच्यावर.’ आणि शिकवणीच्या मास्तरचा उल्लेख होऊन रंजूचं जेमतेम चार वाक्यांचं बोलणं झालं, तोच लसणाची पाकळी वर धरून त्यांनी निकाल दिला, ‘ही पोट्टी पळून जाते बघ.’

जाते. दागिन्यांसकट.

तिन्ही नाटकं मी आधी वाचलेली होती, पण मध्ये वर्षं घालवून, सुटी सुटी. एका दिवसात वाचल्यावर वेगळंच कळलं. सकाळी ज्याला वाया चाललेला पोरगा म्हणून ओळखलं तो पराग दुपारी कर्ता पुरुष होऊन समोर येतो, आणि संध्याकाळी, ‘युगान्त’मध्ये, दुष्काळाने ओस पडलेल्या गावात उरतो. सकाळचा पराग तोवर आपण विसरलेलो नसतो. महिन्यांच्या अंतराने वाचलं असतं तर मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं असतं एवढंच. एका दिवसात वाचल्यामुळे त्याचा राग आला, जो घरच्या माणसाचा येतो. किती पानं झाली, हा हिशेब लेकीने रात्री फोनवर मागितला. ती मंडळी पानं मोजतात म्हणे. मी मोजली नव्हती. पोथीत कोणी पानं मोजत नाही, अध्याय मोजतात, आणि त्या हिशेबाने माझी तीन नाटकं पुरी झाली होती.

शेजारच्या लेआउटमधला, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा एक मुलगा त्याच आठवड्यात अठरा तासांना बसला होता. परवा गच्चीवर भेटला, तेव्हा विचारलं, एरवी अभ्यास करतोसच, तिथे जाऊन वेगळं काय होतं? घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. मला वाटलं आवाजाचं सांगेल. तो म्हणाला, ‘आवाजाचं काही नाही काकू. घरी मी एकटाच बसलेला असतो, बाकी सगळे काही ना काही करून राहिलेले असतात. मग मलाच लाज वाटते. तिथे सगळेच बसलेले.’ मी यावर बराच विचार केला. आमच्या घरी ती लाज माझ्या वतीने सासूबाईंनी एका वाक्यात उडवून लावली; त्याच्याकडे ते म्हणणारं कोणी नसेल, म्हणून त्याला दीडशे माणसं लागतात. वस्तीवस्तीत अभ्यासिका हव्यात त्या वीज-पंख्यासाठी तर हव्यातच, पण या लाजेसाठी जास्त. बांधणारे खुर्च्या आणि टेबलं मोजतात. खिडकीशी एखादी खुर्ची वाचणाऱ्या बायकांसाठीही ठेवा, असं मी आमच्या नगरसेवकांना सांगणार आहे, ते हसतील.

आता ऑक्टोबरचा बेत ठरतो आहे. सासूबाईंनी आपणहून विचारलं, ‘पुढचं कोणतं?’ त्यांना मोठा टाइप हवा आहे आणि गोष्टीत निदान एक तरी लग्न हवं आहे. खिडकीतल्या शेजारणीला कुठून तरी सुगावा लागला आणि तिनेही नाव घातलं आहे, स्वतःचं पुस्तक आणि स्वतःची खुर्ची घेऊन येणार. तिची एकच अट आहे: जेवणानंतर अर्धा तास ती लवंडणार, आणि त्या वेळात आम्ही पुढे वाचायचं नाही.